चॅपल वापरून दीड वर्ष झालं : कुठे चावली, कुठे बसली

आधी नावाचं उरकून घेऊ. चॅपल ही सुपरकॉम्प्युटरवर चालणारे प्रोग्राम लिहायची भाषा. माझ्याकडे काम करणारी मुलं तिला सर्रास 'चप्पल' म्हणतात. "मॅडम, आज चप्पल कंपाइल होत नाहीये," असं कोणी दारातून ओरडलं की नवा माणूस दचकतो. सुरुवातीला मी उच्चार सुधारत बसायचे, मग सोडून दिलं, कारण उपमा बरीच लागू पडते. नवी चप्पल चावते, आणि नेमकी कुठे चावते ते चार कोस चालल्याशिवाय कळत नाही. मी आता चार कोस चालले आहे, म्हणून लिहायला बसले. पाचापैकी साडेतीन तारे. अर्धा कुठे कापला आणि एक कुठे, ते पुढे येईलच.

माझे पाय कसे आहेत तेही सांगते, नाहीतर चावण्याची तक्रार कळायची नाही. गेली सोळा वर्षं मी उष्णतावहनाची आणि जमिनीखालच्या पाण्याच्या प्रवाहाची समीकरणं मोठ्या यंत्रांवर सोडवते आहे. आधी फोरट्रान, नंतर सी, आणि दोन्हींच्या जोडीला एमपीआय. सुपरकॉम्प्युटर म्हणजे एक अवाढव्य संगणक, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते शेकडो-हजारो वेगळे संगणक असतात, आम्ही त्यांना नोड म्हणतो, आणि ते वेगवान नेटवर्कने जोडलेले असतात. प्रत्येक नोडची मेमरी त्याची त्याची. शेजारच्या नोडवरचा आकडा हवा असेल तर तो मागवावा लागतो, आणि या मागवण्या-पाठवण्याची प्रमाण पद्धत म्हणजे एमपीआय. तिचं पहिलं प्रमाण १९९४ मध्ये आलं. तेव्हापासून यंत्रं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. २०२२ मध्ये फ्रंटियर या सुपरकॉम्प्युटरने सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या आकडेमोडींचा टप्पा ओलांडला, नोव्हेंबर २०२४ मध्ये एल कॅपिटान त्याच्याही पुढे गेलं. तिथे चालणाऱ्या बहुतेक प्रोग्रामच्या पोटात मात्र अजून तेच सेंड आणि तेच रिसीव्ह.

माझा सगळ्यात साधा प्रोग्राम घ्या. एक चौकोनी पत्रा, त्यावर १०,००० गुणिले १०,००० बिंदूंची जाळी. प्रत्येक बिंदूचं नवं तापमान म्हणजे त्याच्या चार शेजाऱ्यांची सरासरी. तापमान बदलायचं थांबेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. गणित एका ओळीचं, पण एमपीआयच्या प्रोग्राममध्ये ती ओळ शोधायला भिंग लागतं. मी कितवी प्रोसेस (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रामच्या प्रतींपैकी कितवी), माझे शेजारी कोण, माझा तुकडा कुठून कुठपर्यंत, कडेची ओळ कोणाला द्यायची, कडेचा स्तंभ मेमरीत सलग नसतो म्हणून त्याच्यासाठी वेगळा डेटाटाइप, प्रत्येक निरोपाला टॅग, आणि शेवटी सगळे निरोप पोचले का याची वाट. या सगळ्या वऱ्हाडात नवरामुलगा कुठेतरी मागच्या रांगेत बसलेला.

आणि इतकं करूनही फसगत होते. माझी सगळ्यात महागडी चूक सांगते. दोन शेजारच्या प्रोसेस, दोघीही आधी सेंड करणार आणि मग रिसीव्ह. नियमाने हे चूक, कारण दोघी एकमेकींना 'आधी तू घे' म्हणत जन्मभर उभ्या राहू शकतात. पण छोट्या जाळीवर सगळं सुरळीत चाललं. छोटा निरोप एमपीआय परस्पर बफरमध्ये, म्हणजे मधल्या तात्पुरत्या जागेत, ठेवून घेते आणि सेंड लगेच मोकळं होतं, म्हणून. चाचण्या झाल्या, मी निर्धास्त. मोठी जाळी लावली तेव्हा निरोप त्या मर्यादेबाहेर गेला, सेंड समोरचीची वाट बघू लागलं आणि समोरचीही तेच करत बसली. शनिवारी रात्री लावलेला जॉब सोमवारी सकाळी 'चालू' दिसत होता. सगळे कोअर, म्हणजे नोडमधली आकडेमोड करणारी एककं, शंभर टक्के व्यग्र, कारण एमपीआय बऱ्याचदा वाट बघतानासुद्धा जागच्या जागी गरागरा फिरत असते. वाट्याला आलेले यंत्राचे तास संपले आणि आउटपुटची फाइल रिकामी. दोष एमपीआयचा नव्हता, तिच्या कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. पण ज्या पद्धतीत सोळा वर्षं मुरलेला माणूसही असा घसरतो, तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना मी काय तोंडाने पाठवू?

चॅपल निघाली ती या प्रश्नासाठीच. डार्पा या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेच्या एचपीसीएस नावाच्या कार्यक्रमात तिचं बीज आहे. त्या नावातला 'पी' परफॉर्मन्सचा असेल असं वाटतं, पण तो प्रॉडक्टिव्हिटीचा आहे, म्हणजे यंत्राच्या वेगाइतकीच माणसाच्या वेळाचीही किंमत धरलेली. त्यातून तीन भाषा आल्या. आयबीएमची एक्स-१०, सन मायक्रोसिस्टिम्सची फोर्ट्रेस आणि क्रेची चॅपल. फोर्ट्रेसचं काम २०१२ मध्ये थांबवलं गेलं. एक्स-१० मध्ये नवं काही लिहिणारा माणूस मला अलीकडे भेटलेला नाही. चॅपल टिकली. क्रे कंपनी २०१९ मध्ये एचपीईने (ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझने) घेतली, भाषा मुक्तस्रोतच राहिली. मार्च २०२४ मध्ये आवृत्ती २.० आली आणि भाषेचा गाभा आता स्थिर राहील असं तिच्या कर्त्यांनी जाहीर केलं. तोवर भाषा दर आवृत्तीला थोडी थोडी सरकत असे, म्हणून मी काठावरून बघत होते. २.० आल्यावर पाण्यात पाय घातला.

आता तोच पत्रा चॅपलमध्ये. आधी 'डोमेन' जाहीर करायचं: १ ते एन, १ ते एन. डोमेन म्हणजे नुसता अनुक्रमांकांचा संच, त्यात तापमान वगैरे काही नसतं. या संचावर अ‍ॅरे (आकड्यांचे तक्ते) बेतायचे. मग 'फॉरऑल' असं लूप, म्हणजे फेऱ्या कोअरांत वाटून एकाच वेळी चालवणारं आवर्तन, लिहून त्यात ती सरासरीची ओळ. जुन्या आणि नव्या तापमानातला सगळ्यात मोठा फरक हवा, तर 'मॅक्स रिड्यूस' असे दोन शब्द. झालं. हे एका नोडच्या सगळ्या कोअरवर चालतं.

चार नोडवर न्यायचं असेल तर डोमेनच्या जाहीरनाम्याची ओळ बदलायची: हे डोमेन ब्लॉक पद्धतीने वाटून दे. लूपला हात लावायचा नाही. चॅपल नोडला 'लोकेल' म्हणते. चार लोकेल मिळाले तर ती पत्र्याचे दोन बाय दोन असे तुकडे करते, प्रत्येकाच्या वाट्याला ५,००० गुणिले ५,००० बिंदू. लूपचा जो भाग ज्या तुकड्यावर, तो त्याच लोकेलवर चालतो. कडेच्या बिंदूला पलीकडच्या नोडवरचा शेजारी हवा असेल, तर नेहमीसारखा अनुक्रमांक लिहायचा, आणायचं काम चॅपलचं. सेंड नाही, रिसीव्ह नाही, टॅग नाही. माझी सीमधली फाइल सहाशे ओळींच्या वर होती. चॅपलमधली एका पडद्यावर मावली, आणि तीत डोकं खुपसून बघितलं तर गणित दिसत होतं. पहिल्यांदा चाललं तेव्हा मी उत्तर जुन्या उत्तराशी तीनदा ताडून बघितलं. इतकं सोपं असेल तर कुठेतरी पाणी मुरत असणार, ही सोळा वर्षांची सवय.

दोन लहान गोष्टींनी मला खरं विकत घेतलं. पहिली 'कॉन्फिग कॉन्स्ट'. एखाद्या स्थिरांकाच्या आधी हा शब्द लिहिला की त्याची किंमत प्रोग्राम चालवताना कमांडवर देता येते. एनची किंमत आज हजार, उद्या दहा हजार, पुन्हा कंपाइल, म्हणजे यंत्राच्या भाषेत रूपांतर, करायला नको. आर्ग्युमेंट वाचायचा तोच तो तुकडा सोळा वर्षं एका फाइलीतून दुसरीत चिकटवत आलेल्या बाईला विचारा याची किंमत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फॉरऑलच्या बाहेर एक साधं व्हेरिएबल आहे आणि तुम्ही आतून त्यात बेरीज करत सुटलात, तर कंपायलर तिथेच अडवतो. सगळे कोअर एकाच वेळी त्याच्यावर तुटून पडतील हे त्याला कळतं, आणि बेरजेचं रिडक्शन (प्रत्येकाची वेगळी बेरीज, शेवटी सगळ्यांची एक) हवं असेल तर तसं लिहा, म्हणतो. ओपनएमपीत, म्हणजे एका नोडच्या कोअरांत काम वाटायच्या रूढ पद्धतीत, हीच चूक गुमान कंपाइल होते आणि दर वेळी वेगळं उत्तर देते. त्या वेगळ्या उत्तरापायी रात्र जागवलेली मुलं मी पाहिली आहेत. अर्थात हे कवच अ‍ॅरेला पुरत नाही. अ‍ॅरेत लिहायला 'रेफ' म्हणून परवानगी द्यायची, आणि एकदा ती दिली की दोन कोअर एकाच घरात लिहू लागले तरी कोणी हाकाटी करत नाही.

आता चावण्याबद्दल.

एका मुलीने तिचा प्रोग्राम चॅपलमध्ये आणला आणि आठवड्याने पडलेल्या चेहऱ्याने आली.

"मॅडम, चार नोडवर लावला तर एका नोडपेक्षा हळू चालतोय."

"उत्तर?"

"उत्तर बरोबर. शेवटच्या दशांशापर्यंत."

"मग बस. हे लवकर सापडणारं दुखणं नाही."

उत्तर चुकलं तर माणूस शोधतो. उत्तर बरोबर आणि नुसता उशीर, तर भाषेला शिव्या घालतो. आम्ही दोघींनी तो प्रोग्राम ओळीओळीने वाचला. मुख्य लूप व्यवस्थित, वाटलेल्या डोमेनवर. पण अ‍ॅरेत सुरुवातीचे आकडे भरणारं लूप, जे प्रत्येक प्रयोगाच्या आरंभी पुन्हा चालत होतं, ते तिने सरळ '१ ते एन, १ ते एन' असं लिहिलं होतं. फॉरऑलच होतं, दिसायलाही तसंच. पण नुसती '१ ते एन' ही मालिका कुठल्याच नोडवर वाटलेली नसते. तिच्यावरचं फॉरऑल जिथे आहे तिथेच, म्हणजे पहिल्याच लोकेलवर चालतं. तिथले सगळे कोअर जिवाच्या आकांताने राबत होते, बाकीचे तीन नोड हात बांधून उभे, आणि त्या तिघांच्या मेमरीतले ७.५ कोटी आकडे पहिला नोड नेटवर्कवरून एकेक करून ठेवत होता.

हिशोब करून बघा. नेटवर्कवरच्या एका फेरीला एक मायक्रोसेकंद धरला, आणि फेऱ्या एकीमागून एक झाल्या, तर ७.५ कोटी फेऱ्यांना सव्वा मिनिट. फेऱ्या एकमेकींवर चढतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी, पण तेवढा दिलासा पुरत नाही. कारण प्रत्येक नोडने आपापला तुकडा आपणच भरला असता, तर सगळा पत्रा मिळून ८०० मेगाबाइटचा. सेकंदाला १०० गिगाबाइट वेगाच्या मेमरीला त्यासाठी सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. दोन्ही लूपांत फरक कितीचा? एका शब्दाचा. '१ ते एन' च्या जागी डोमेनचं नाव.

या भाषेबद्दलचं माझं मुख्य म्हणणं इथे येतं. एमपीआयमध्ये दूरचा आकडा आणायला दहा ओळी खर्चाव्या लागतात, त्यामुळे तो दूर आहे हे विसरताच येत नाही. चॅपलमध्ये दूरचा आणि जवळचा आकडा लिहायला सारखाच दिसतो. यंत्रात मात्र अंतर होतं तेवढंच आहे. आपल्या मेमरीतला आकडा साधारण शंभर नॅनोसेकंदांत मिळतो, शेजारच्या नोडवरच्याला त्याच्या दसपट किंवा जास्त. चॅपलने माझं लिहिणं वाचवलं. कुठला आकडा कुठे राहतो याचा विचार वाचवलेला नाही, आणि जो कोणी तसं सांगेल त्याने चार नोडवर काही चालवलेलं नाही.

हे दुखणं जुनंच आहे. १९९३ मध्ये हाय परफॉर्मन्स फोरट्रान आली, तीही हेच म्हणत होती: अ‍ॅरे कसा वाटायचा ते सूचनेत लिहा, बाकीचं कंपायलर बघेल. कंपायलरने बघितलं नाही की खाली उतरून दुरुस्ती करायला धड जिना नव्हता. लोक एमपीआयकडे परत गेले. चॅपलच्या कर्त्यांपैकी ब्रॅडफर्ड चेंबरलेन आधी झेडपीएल या अ‍ॅरे भाषेवर काम केलेले. चॅपलच्या डोमेनचं मूळ झेडपीएलच्या 'रीजन'मध्ये आहे. जुन्यांच्या ठेचा त्यांनी बघितलेल्या दिसतात, कारण चॅपलमध्ये जिना आहे. वरच्या मजल्यावर फॉरऑल आणि वाटलेली डोमेनं. खाली उतरलात तर 'ऑन' लिहून अमुक काम अमुक लोकेलवर कर असं थेट सांगता येतं, 'कोफॉरऑल'ने प्रत्येक फेरीला स्वतंत्र टास्क देता येतो, टास्कांनी एकमेकांच्या पायात येऊ नये म्हणून अटॉमिक आणि सिंक व्हेरिएबल आहेत. डोमेन वाटायची ती ब्लॉक पद्धतसुद्धा चॅपलमध्येच लिहिलेली आहे, वाटलं तर उघडून वाचता येते, आपली वेगळी लिहिता येते. मी लिहिलेली नाही. उघडून वाचली, आणि मिटून ठेवली.

(कोफॉरऑल आणि फॉरऑल यांत घोळ करू नका. फॉरऑल कोअर बघून मोजके टास्क काढतं आणि फेऱ्या त्यांच्यात वाटतं. कोफॉरऑल जितक्या फेऱ्या तितके टास्क काढतं. एकाने लाख बिंदूंवर कोफॉरऑल लावून लाख टास्क जन्माला घातले होते. त्याला आम्ही अजून 'लखपती' म्हणतो.)

पत्र्याकडे परत येते, कारण दुसरं चावणं मुख्य लूपमध्येच होतं. ब्लॉक पद्धतीत कडेच्या बिंदूंचे पलीकडचे शेजारी एकेक करून आणले जातात. दोन बाय दोनच्या वाटणीत प्रत्येक लोकेलला दोन कडांवर शेजारी, एका कडेला ५,००० बिंदू, म्हणजे दर फेरीला लोकेलमागे १०,००० बारीक निरोप, चौघांचे मिळून ४०,०००. एमपीआयमध्ये हेच काम मी प्रत्येकी ४० किलोबाइटच्या दोन गठ्ठ्यांत करत होते. चॅपलमध्ये यावर उपाय आहे, 'स्टेन्सिल' नावाची वाटणी. ती प्रत्येक तुकड्याभोवती शेजाऱ्यांच्या आकड्यांची एक झालर ठेवते, आणि 'अपडेट फ्लफ' म्हटलं की झालर गठ्ठ्याने ताजी होते. फ्लफ म्हणजे कापसाचा भुरका. एमपीआयवाले ज्याला घोस्ट सेल म्हणतात त्याला इथे भुरका म्हणतात, भुतापेक्षा बरं. हे लावल्यावर माझ्या यंत्रावर माझा पत्रा जुन्या सी-एमपीआयच्या खांद्याला खांदा लावून चालू लागला. मी आकडे मुद्दाम देत नाही. तुमची जाळी, तुमचं नेटवर्क आणि तुमचा कंपायलर वेगळा, माझे आकडे तुमच्या काही उपयोगाचे नाहीत.

हे सगळं सापडतं कसं? 'कॉमडायग्नॉस्टिक्स' नावाचं मॉड्यूल आहे. संशयित लूपच्या आधी चालू करा, नंतर बंद करा, आणि कुठल्या लोकेलने किती वेळा दुसऱ्याच्या मेमरीतून वाचलं, किती वेळा लिहिलं याचा तक्ता छापा. वरच्या प्रकरणात पहिल्या लोकेलसमोर कोटींतला आकडा आणि बाकी तिघांसमोर शून्यं बघून त्या मुलीने कपाळाला हात लावला. आमच्याकडे आता नियमच आहे: चॅपलचा कुठलाही प्रोग्राम मोठ्या रांगेत लावण्याआधी छोट्या जाळीवर हा तक्ता काढून दाखवायचा. हे साधन नसतं तर मी दोन तारे दिले असते.

तिसरं चावणं निखळ माझ्या मूर्खपणाचं. पहिले दोन आठवडे मी 'फास्ट' हा पर्याय न देता कंपाइल करत होते. तो दिला नाही तर चॅपल अ‍ॅरेच्या प्रत्येक वापराला हद्द तपासते, आणि कंपायलरही फारसा घाम गाळत नाही. शिकताना ते चांगलंच, चुकीचा अनुक्रमांक लगेच पकडला जातो. पण त्या प्रोग्रामचा वेग सीशी ताडून मी चार लोकांना 'हळू आहे' असं ठासून सांगितलं होतं. त्या चौघांपाशी शब्द मागे घेऊन झाले आहेत. असाच दोष मुलं उलटीकडूनही देतात: अख्खी फाइल एकाच टास्कने वाचायची आणि मग 'नोड वाढवले तरी वेग वाढत नाही' म्हणायचं. अ‍ॅमडालने १९६७ मध्ये मांडलेला हिशोब भाषा बदलल्याने बदलत नाही. पाच टक्के काम एकेरी राहिलं तर हजार नोड लावा, वीसपटीच्या वर जाणार नाही.

आता कापलेल्या ताऱ्यांचं.

अर्धा तारा कंपायलरच्या संथपणासाठी. दहा ओळींच्या प्रोग्रामलाही काही सेकंद लागतात, कारण भाषेची स्वतःची मोठी मॉड्यूलं दर वेळी सोबत कंपाइल होतात. सी लिहिणाऱ्याचा हात बदल करा, कंपाइल करा, चालवा या तालाला सरावलेला असतो, तो ताल इथे तुटतो. कंपायलरचा पुढचा भाग नव्याने लिहिण्याचं काम त्यांच्याकडे बरीच वर्षं चालू आहे, आणि दर तीनेक महिन्यांनी नवी आवृत्ती येते. जनरिक, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या डेटावर चालणाऱ्या, फंक्शनमध्ये चूक झाली तर निरोप कधीकधी तुमच्या ओळीवर बोट ठेवायच्या ऐवजी आतल्या कुठल्यातरी मॉड्यूलकडे दाखवतो. लिहिता लिहिता चुका दाखवणारा, संपादकात चालणारा लँग्वेज सर्व्हर आल्यापासून हे थोडं सुसह्य झालंय.

दुसरा, पूर्ण तारा एकटेपणासाठी. कुठल्याही मोठ्या यंत्रावर लॉगिन करा, एमपीआय तयार असते. चॅपल बऱ्याच ठिकाणी आपली आपण बांधावी लागते. लॅपटॉपवर अर्ध्या तासात बसते, पण ती एका लोकेलची. अनेक नोडांसाठी संवादाचा थर, बहुधा गॅसनेट, निवडून पुन्हा बांधायची, नेटवर्क कुठलं ते सांगायचं, रांगेत जॉब लावणारा लाँचर कुठला ते सांगायचं. हे सगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांनी, म्हणजे प्रोग्रामबाहेर केलेल्या मांडणीने, ठरतं, आणि एक चुकलं तर प्रोग्राम चालतो पण आडवाटेच्या नेटवर्कवरून. 'प्रिंट-चॅपल-एन्व्ह' ही कमांड काय ठरलंय ते दाखवते. ती आधी चालवा, मग मदत मागा. मदत मिळते, हेही सांगायला हवं. चॅपल लिहिणारे लोक थोडे आहेत, पण प्रश्न विचारला तर बऱ्याचदा भाषा घडवणाऱ्यांपैकीच कोणीतरी उत्तर देतं. एमपीआयमध्ये उत्तर आधीच कुठेतरी लिहिलेलं असतं. इथे तुम्ही विचारलेला प्रश्न कधीकधी पहिलाच असतो.

एकटेपणाचा खरा फटका लायब्ररींत, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडमध्ये, बसतो. माझ्या भूजलाच्या प्रोग्रामला विरळ मॅट्रिक्सचे (बहुतेक घरांत शून्य असलेल्या समीकरणांचे) सॉल्व्हर लागतात, आणि ते तीस-तीस वर्षं घासून तयार झालेले, एमपीआयवर उभे. सीमधलं फंक्शन चॅपलमधून बोलावणं अगदी सोपं आहे, पण एमपीआयच्या लायब्ररीला चॅपलच्या घरात नांदवायचं म्हणजे एकाच नोडवर दोन कारभारी. मी तीन आठवडे खटपट केली आणि सोडून दिलं. तो प्रोग्राम सीमध्येच राहिला.

जीपीयूबद्दल, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरच्या प्रोसेसरबद्दल, थोडकंच, कारण मी एकाच कार्डावर खेळले आहे. 'ऑन' लिहून लोकेलचा पहिला जीपीयू सांगायचा, आत तेच फॉरऑल, आणि लूपचं कर्नल, म्हणजे जीपीयूवर चालणारा तुकडा, होतं. वेगळी भाषा शिकावी लागत नाही, हे वाचूनही पटत नव्हतं, करून पटलं. एनव्हिडिया आणि एएमडी दोन्हींवर चालतं. फक्त एक गोम आहे. लूपमध्ये जीपीयूला न झेपणारं काही असलं तर ते निमूटपणे सीपीयूवर चालतं आणि तुम्ही जीपीयूच्या नावाने वेग मोजत बसता. 'असर्ट-ऑन-जीपीयू' ही खूण लूपला लावली तर असं लूप कंपायलरच अडवतो. लावाच.

कोणी घ्यावी? मोठा, चालता एमपीआय प्रोग्राम असेल तर केवळ हौसेखातर त्याचं चॅपल करू नका. नवं काही लिहिणार असाल, डेटा जाळीत किंवा लांबलचक अ‍ॅरेत मावत असेल आणि लिहिणारे हात नवे असतील, तर घ्या. माँट्रियलच्या पॉलिटेक्निकमध्ये चॅम्प्स नावाचा विमानाभोवतीच्या हवेचा मोठा सिम्युलेशन प्रोग्राम चॅपलमध्ये उभा राहिला, आणि त्यात विद्यार्थ्यांचा हात मोठा आहे. आणि प्रोग्रामिंगच नको, फक्त अवाढव्य तक्ते चाळायचेत, तर अर्कूडा बघा. समोर नेहमीचं पायथन, मागे सुपरकॉम्प्युटरवर चॅपलमध्ये लिहिलेला सर्व्हर. आमच्याकडे एकजण महिनाभर ते वापरत होता, मागे चॅपल आहे हे त्याला माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात तीच मुलगी, ७.५ कोटी आकड्यांवाली, माझी जुनी सीची फाइल उघडून बसली होती. भूजलाच्या कामात तिला एक बदल करायचा होता. बराच वेळ स्क्रोल करून तिने विचारलं, "मॅडम, यात गणित कुठे आहे?" मी ओळ दाखवली, चारशे बारावी. ती म्हणाली, "आणि बाकी सगळं?" मी म्हटलं, बाकी सगळं 'कुठे' आहे. तिने मान डोलावली आणि पहिल्याच प्रयत्नात रँक (प्रोसेसचा क्रमांक), शेजारी, गठ्ठा, सगळं बरोबर ओळखत खाली गेली. एमपीआय तिला कोणी शिकवलेली नव्हती. तो कॉमडायग्नॉस्टिक्सचा तक्ता तिने इतक्या वेळा काढला होता की कोण कोणाकडून काय मागतंय हे तिला न सांगता दिसत होतं.

कंपाइल व्हायचा वेळ निम्म्यावर आला की कापलेला अर्धा तारा परत देईन. सॉल्व्हरचं काही जमलं तर दुसरा. सध्या साडेतीन.